चालणाऱ्याला शुगर होत नाही!

आमच्या घरी फ्रिजवर प्लास्टिकचा एक डबा आहे. त्यात औषधांच्या अर्ध्या संपलेल्या पट्ट्या असतात. कुणी ठेवल्या, कशासाठी ठेवल्या, कुणालाच आठवत नाही, आणि टाकून द्यायला हात धजत नाही. किस्सेही असेच साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एके दिवशी झाकण लागेनासं होतं, तेव्हा कळतं की बरेच झालेत!

माझ्याकडे साठलेले सगळे एकाच टोळीचे आहेत. ती टोळी मैदानावर चालते, आणि तिचा धसका मी घेते.

मी जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका क्लिनिकमध्ये डाएट सांगते. होम सायन्स शिकले, त्यातलं न्यूट्रिशन. आत डॉक्टर मॅडम बसतात, बाहेरच्या छोट्या केबिनमध्ये मी. लोक मॅडमना दुखणं सांगतात आणि मला गोष्टी. "दिवसभरात काय खाता?" एवढंच मी विचारते, आणि समोरचा माणूस स्वतःच्या लग्नाच्या पंगतीपासून सुरुवात करतो.

त्यात माझा स्वभाव घाबरट. प्रिंटर सुरू झाला तरी मी दचकते. कुणाचा आकडा जास्त आला की घाम मला फुटतो. मॅडम म्हणतात, "सोनल, रिपोर्ट मरीज़ का है, पसीना तुम्हें क्यों आ रहा है?"

*

टोळी चौघांची. एक माझे बाबा, म्हणजे रामटेके. वीज खात्यात लाइनवर होते, उभं आयुष्य खांबांवर चढण्यात गेलं. अंगानं काडी, चालीनं वारा. दुसरे मेश्राम काका, बाबांचे खात्यातले सोबती. बाबा खांबावर चढायचे तेव्हा हे खाली शिडी धरायचे, आणि अजूनही बाबांवर खालून ओरडण्याचा हक्क आपलाच आहे असं समजतात. तिसरे खेडकर सर, गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, आणि ही बातमी आठवड्यातून एकदा तरी ताजी केली जाते. चौथ्या गजभिये काकू. पोस्टात होत्या. अंगानं भरलेल्या, चालीनं निवांत. एक चक्कर मारली की बाकावर बसणार, आणि पुढून जाणाऱ्या तिघांना सल्ले देणार.

चौघंही पासष्टीच्या पुढचे. सकाळी मैदानाला चकरा, रविवारी तिलवारा घाटावर नर्मदेत पोहणं. काकू पोहत नाहीत, कपडे सांभाळतात.

टोळीचा नियम एकच. सकाळी जो उशिरा येईल त्यानं चालून झाल्यावर सगळ्यांना जलेबी खाऊ घालायची. साधी नाही, खोव्याची, म्हणजे खव्याची! आमच्या जबलपूरची ती काळपट, जाडजूड, पाकानं जड झालेली. गेटसमोर भैयाचा ठेला आहे, तिथे आधी पोहे, वर जलेबी.

बाबा कधीच उशिरा येत नाहीत. आयुष्यात ड्यूटीवर उशिरा गेले नाहीत, मैदानावर काय जातील! त्यामुळे त्यांनी सगळ्यांची जलेबी खाल्ली, स्वतः कधी खाऊ घातली नाही. मेश्राम काका रोज म्हणायचे, "रामटेकेची जलेबी खायची तं पुढचा जन्म घ्यावा लागते. अन् आपण तं पुढचा जन्म मानतच नाही!"

जलेबीला मी एकदा हरकत घेतली होती. खेडकर सरांनी हातानंच मला थांबवलं.

"चालणाऱ्याला शुगर होत नाही. सिद्ध झालेलं आहे."

"कुणी सिद्ध केलं, सर?"

"मी. समोर बघ, चार उदाहरणं उभी आहेत!"

त्यातलं एक उदाहरण बाकावर बसलेलं होतं, पण ते सोडा.

*

क्लिनिकमध्ये एकदा वयस्कांसाठी तपासणी ठेवली होती. मी चौघांच्या मागे लागले. महिनाभर कारणं ऐकली, मग एकदाचे तयार झाले. मी बजावलं, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी उपाशी यायचं.

ही मंडळी तपासणीला परीक्षा समजली! खेडकर सरांनी आदले काही दिवस जास्तीच्या चकरा लावल्या. म्हणे उजळणी. मेश्राम काकांनी चहातली साखर दोन दिवसांपुरती बंद केली. मी म्हटलं, "काका, असं करून खरं काय ते कसं कळेल?"

"खरं कोणाला पाहिजे? पास व्हायचं हाये!"

सकाळी चौघं रांगेत बसले. रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं, "सुबह से कुछ खाया तो नहीं?"

"कुछ नहीं," सर म्हणाले. "बस पानी," काका म्हणाले. बाबांनी नुसती मान हलवली.

"मी बिस्किटं खाल्ली," काकू म्हणाल्या.

तिघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं जसं काही काकूंनी परीक्षा हॉलमध्ये पुस्तक उघडलंय.

"काहून पाहून राहिले सगळे? भूक लागली, खाल्ली. खोटं बोलून रक्त बदलते काय?"

काकूंना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. त्या आल्या, आणि सुई टोचायच्या आधीच मला विचारलं, "झालं की बिस्किट देशील ना, बाई?"

*

रिपोर्ट माझ्याच प्रिंटरवर येतात. मी दचकले, मग नावं वाचायला लागले.

सरांचं कोलेस्टेरॉल जरा जास्त. काकांचं ब्लडप्रेशर, ते जुनंच. शुगर दोघांची ठीक. बाकावर बसणाऱ्या, बिस्किटं खाणाऱ्या गजभिये काकूंचं सगळं स्वच्छ! आणि सगळ्यांत सडपातळ, सगळ्यांत पुढे चालणारे माझे बाबा बॉर्डरवर. प्रीडायबिटीज.

हे मी रोज लोकांना समजावते. अजून डायबिटीज नाही, पण नॉर्मलही नाही. मधली जागा आहे. इथून माणूस मागे येऊ शकतो, नाही लक्ष दिलं तर पुढे जाऊ शकतो. रोज सांगते, आवाज न कापता सांगते. पण त्या दिवशी कागदावर बाबांचं नाव होतं आणि मला फक्त पुढे जाणंच दिसत होतं.

कारण माझी आजी. बाबांची आई. सिहोऱ्याला लोकांचे कपडे शिवायची. शुगरनं शेवटी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शिलाई मशीन ती त्याच पायानं चालवायची. बाबा म्हणतात, बसून बसून झालं तिला. घरात शुगरचा विषय निघाला की त्यांचं हे एकच वाक्य, आणि मग ते बूट घालून बाहेर जातात.

संध्याकाळी मी रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"हा गजभिये वहिनींचा हाये."

"बाबा, वर तुमचं नाव आहे."

"शीशी बदलली असेल. घाईत होते ते लोक."

"काकू तर दुसऱ्या दिवशी आल्या होत्या!"

"मग दुसऱ्या दिवशी बदलली असेल."

पुढचं मेश्राम काकांनी सांगितलं. सकाळी बाबा सरळ काकूंच्या बाकापाशी गेले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आलेला दिसते. अन् माझा तुमच्याकडे."

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घेऊन घ्या ना भाऊ, काही हरकत नाही. पण मग तुमची कंबर पण सोबत द्या!"

*

बाबांनी ठरवलं, पुन्हा तपासायचं. मॅडम म्हणाल्या, लगेच नको, काही फरक दिसायचा नाही. बाबा ऐकतात होय! दुसऱ्या एका लॅबमध्ये जायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी हे गृहस्थ घरून तिलवाऱ्यापर्यंत चालत गेले. तिथे पोहले. परत येतानाही चालत. आईला सांगितलं होतं, "जरा पाय मोकळे करून येतो." दुपार कलली तरी पत्ता नाही, फोन घरी टेबलावर. मी तोवर मनातल्या मनात सगळे दवाखाने पालथे घातले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबमध्येही चालतच गेले, घाम गाळत. तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा जिथं होता तिथंच. उपाशीपोटीचा तर आधीपेक्षा थोडा जास्तच!

मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मॅडमकडे नेलं. मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. "अंकल, टेस्ट के लिए भागते हुए मत जाया कीजिए। और ये बड़ा वाला आँकड़ा कल का नहीं, तीन महीने का है। एक दिन में नहीं बदलेगा।"

"मैं तो रोज़ चलता हूँ, मैडम। बरसों से।"

"बहुत अच्छा करते हैं। चलने के बाद क्या करते हैं?"

"पोहा। थोड़ी जलेबी।"

"उसके बाद?"

"घर आकर बैठता हूँ।"

"कब तक?"

बाबांनी प्रामाणिकपणे विचार केला.

"अगली सुबह तक।"

मॅडम हसल्या नाहीत, मी हसले, आणि मग मलाच वाईट वाटलं. कारण ते खरं होतं. नोकरीत असताना दिवसभर खांब, शिडी, उन्हातान्हात फिरणं. रिटायर झाल्यावर सकाळचा एक तास वारा आणि उरलेला दिवस खुर्ची. पेपर खुर्चीत, जेवण खुर्चीत, टीव्ही खुर्चीत. आणि आम्ही सगळे समजत होतो की आमच्या घरात बसून राहणारं कुणी नाही!

मॅडमनी समजावून सांगितलं. त्यांच्या आईला शुगर होती म्हणजे घराण्यातून आलं, त्यात वय झालं, वयाबरोबर दंडा-मांड्यांचं मांस उतरलं. चालणं हवंच, पण चालल्यानं जलेबी माफ होत नाही. "चलना मत छोड़िएगा। चलते रहे, शायद इसीलिए अब तक बचे हैं।" तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाल्या. तोवर खाणं सांभाळायचं, तासातासाला खुर्चीतून उठायचं, हातापायांना थोडी ताकदीची कसरत द्यायची.

आम्ही स्कूटरवरून परत निघालो. घराजवळच्या वळणावर मागून आवाज आला.

"आई बसून राहायची. मी तं बसलोच नाही. मग मला काहून?"

न्यूट्रिशनच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. मी स्कूटर चालवत राहिले.

*

आता उशिरा येण्याच्या दंडाचा प्रश्न. खोव्याची जलेबी चालणार नव्हती. टोळीची ठेल्यावर मीटिंग बसली. म्हणजे उभी राहिली, कारण मी कुणाला बसू देत नव्हते.

मी म्हटलं, दंड भिजवलेल्या चण्यांचा ठेवा. कांदा, लिंबू, कोथिंबीर.

खेडकर सर म्हणाले, "एकासाठी चौघांना शिक्षा? हा कुठला न्याय?"

"सर, तुमचं कोलेस्टेरॉल..."

"बरं बरं. चणे." सर लगेच म्हणाले.

मेश्राम काकांनी कढईकडे एकदा पाहून घेतलं. "रामटेके, तुझ्यासाठी शिडी धरली, उन्हात उभा राहिलो, पावसात उभा राहिलो. पण आज जे करून राहिलो ना, ते सगळ्यांत कठीण हाये."

ठेलेवाला भैया सगळं ऐकत होता. झारा हातातच राहिला. "दादा लोग, किसी का गुज़र गया क्या?"

ठराव पास झाला. आणि मग एक गंमत झाली. दंड जलेबीचा होता तेव्हा रोज कुणी ना कुणी उशिरा यायचंच. कधी काकांचा अलार्म वाजायचा नाही, कधी सरांचा बूट सापडायचा नाही, काकूंच्या घरी तर पाहुणेच पहाटे यायचे. दंड चण्यांचा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून चौघंही वेळेच्या आधी हजर!

*

बाबांना कसरत दुपारी करायची होती, आणि कुणासमोर करायची नव्हती. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, पुन्हा हळूच बसायचं. साधी गोष्ट. पण ज्यानं हयातभर खांब चढले त्याला "खुर्चीतून उठा" हा अपमान वाटत होता.

एका रविवारी दुपारी आई शेजारी गेली होती, मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते. बाबांच्या खोलीचं दार बंद. एकदम आवाज आला. धप्प! थोड्या वेळानं पुन्हा, धप्प!

माझ्या डोळ्यांसमोर सगळं आलं. चक्कर आली, पडले, उठायला गेले, पुन्हा पडले. मी ओल्या हातांनी धावले, दार ढकललं. आणि दारातच ऐकलं, खोलीतून मेश्राम काकांचा आवाज येत होता!

"उठ! हां. आता हळू बस. हळू! धपकन काहून बसतो बे, खुर्ची तोडशील!"

पलंगावर फोन स्पीकरवर ठेवलेला. बाबा खुर्चीसमोर, हात छातीशी घडी घातलेले, अर्धे उठलेले.

"काका?" मी किंचाळलेच.

"कोण? सोनल काय? काय झालं?" फोन घाबरला.

बाबा तसेच अर्धे उठलेल्या अवस्थेत शांतपणे म्हणाले, "काही नाही. पोरगी दचकली. तू मोजत राह."

तेव्हा कळलं, काका रोज दुपारी फोनवरून शिडी धरत होते.

आईला संध्याकाळी हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "यांच्यामुळं माझ्या चहातली साखर गेली, पोह्यातली गेली. मला कोणी विचारलं? मला तं कोणी फोनवर उठवत नाही, मी आपली आपणच उठून राहिली पहाटेपासून!"

*

तीन महिने व्हायला थोडे दिवस उरले होते तेव्हा बाबा सिहोऱ्याला निघाले, आत्याकडे. आत्या त्यांची धाकटी बहीण, आजीच्याच घरात राहते. मीही बसमध्ये चढले. बाबा म्हणाले, "तू काहून?" मी म्हटलं, "सुट्टी आहे." खरं म्हणजे आत्याच्या घरी पाहुण्याला किती खाऊ घालतात ते मला ठाऊक होतं.

रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बाबांनी बहिणीसाठी जबलपूरची खोव्याची जलेबी घेतली होती. पुडा बसभर माझ्या मांडीवर ठेवला. विश्वास होता की परीक्षा, माहीत नाही.

आत्यानं दारातच पेढ्यांची ताटली पुढे केली. "खा रे भाऊ. तू तं चालून राहिला रोज, तुला काय होते!"

मी बाबांकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी आजीची शिलाई मशीन, वर क्रोशाचं कापड टाकलेलं.

बाबांनी ताटली हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"मला शुगर लागायच्या बेतात हाये, ताई." धाकट्या बहिणीला ते ताईच म्हणतात. "आईसारखी. डॉक्टरीण म्हणते, सांभाळलं तं मागं फिरेल."

तोपर्यंत हे वाक्य बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. टोळीतही ते "रिपोर्टात जरा गडबड" म्हणायचे.

आत्या उठली, मशीनपाशी गेली आणि मशीनचा छोटा खण ओढला. त्यात बॉबिनी होत्या, खडू होता आणि त्यांच्याखाली गोळ्यांची पट्टी. मी लांबूनच ओळखली. शुगरची.

"दोन वर्षं झाली," आत्या म्हणाली. "म्हटलं, तुला सांगितलं तं तू आईच्या पायाची गोष्ट काढून बसशील."

बाहेर सायकलवर कुणी भाजी ओरडत गेला.

मग बाबा म्हणाले, "मग हे पेढे कोणाला चारून राहिली होती तू?"

"अन् तू जलेबी कोणासाठी आणली होती?"

पेढ्यांच्या आणि जलेबीच्या मधोमध मी माझ्या पर्समधला डबा उघडून ठेवला. बहीण-भाऊ त्यातले चणे खात बसले. निघताना आत्यानं पेढे आमच्या पिशवीत घातले, बाबांनी जलेबी तिच्या फळीवर ठेवली, आणि दोघांनीही एकमेकांना बजावलं, "खाऊ नको बरं!"

पेढे मी बसमध्येच वाटून टाकले. कंडक्टरनं विचारलं, "दीदी, किस ख़ुशी में?" मी म्हटलं, "बस, ऐसे ही, भैया."

*

तीन महिने झाले. बाबांनी रक्त दिलं. या वेळी चालत नाही, माझ्या स्कूटरवर बसून आले. दुपारी प्रिंटर सुरू झाला. मी दचकले, आणि कागद उचलायला हातच पुढे जाईना. शेवटी मॅडमनीच उचलला. वाचला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला आणखी घाम फुटला.

"सोनल, बैठ जाओ। नीचे आया है। बॉर्डर के अंदर।" मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जश्न मत मनाना। घराने की चीज़ है, ढील दी तो फिर आएगी। जो कर रहे हैं, करते रहें।"

संध्याकाळी मी बाबांना रिपोर्ट दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला. आधी वरचं नाव नीट पाहिलं, मग आकडा. चष्मा काढला.

"हा माझाच हाये," म्हणाले, आणि खुर्चीतून हात न टेकता उठले. टोळीला मात्र फोन केला नाही. मला बजावलं, "तूही नको करू. मी सांगतो उद्या." मग स्वयंपाकघरात आईशी काहीतरी कुजबुज चालली होती. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे निघाले. दार लागल्याचं मी ऐकलं आणि कूस बदलली.

थोड्या वेळानं फोन वाजला. मेश्राम काका.

"सोनल, रामटेके घरी हाये काय?"

"नाही काका, केव्हाच निघाले. का?"

पलीकडून काकांचा आवाज, एकदम बारीक. "आला नाही अजून. वेळ होऊन गेली. बाई, रामटेकेला कधी उशीर होत नाही."

मला पुढचं नीट आठवत नाही. पायात एक चप्पल माझी होती, एक आईची. आईला सांगायलाही थांबले नाही. स्कूटर सुरू होईना, मग झाली. रस्ताभर मी दोन्ही बाजूंना बघत होते. फुटपाथ, नाली, दुकानांच्या पायऱ्या. कुणी बाबांसारखं पांढऱ्या शर्टातलं बसलेलं दिसलं की स्कूटर हळू व्हायची. मनात तेच. आकडा खाली आला होता ना! मॅडम म्हणाल्या होत्या ना!

मैदानाच्या मागच्या बाजूनं वळले. तिथे कुंपणाला लागून कडुलिंबाचं जुनं झाड आहे. झाडामागे कुणीतरी उभं होतं. पांढरा शर्ट.

मी स्कूटर तशीच भिंतीला टेकवली आणि धावले. "बाबा!"

बाबांनी दचकून वळून पाहिलं. आमच्या घरात हे काम माझं! एका हातात स्टीलचा डबा होता, चण्यांवरच्या लिंबाचा वास माझ्यापर्यंत आला. दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलेलं.

"बाबा, काय झालं? चक्कर आली? इथे का उभे आहात?"

"हळू बोल ना!" ते कुजबुजले. "इकडे ये. झाडामागं. दिसून राहिली तू."

"पण सगळे तिकडे काळजीत आहेत! काकांनी फोन केला! तुम्हाला उशीर झालाय!"

"हो ना," बाबा म्हणाले. घड्याळावरची नजर काढली नाही. "पण थोडासाच झाला. थोड्याशाला मेश्राम दंड मानणार नाही. अजून जरा होऊ दे."

मी झाडाला पाठ टेकवून उभी राहिले. श्वास लागला होता. रडू येत होतं की हसू, ठरत नव्हतं. पलीकडे गेटजवळून मेश्राम काकांच्या हाका ऐकू येत होत्या, खेडकर सर फोनवर कुणाला तरी पत्ता समजावत होते.

तेवढ्यात बाकावरून गजभिये काकूंचा निवांत आवाज आला.

"ओ रामटेके साहेब! बूट दिसून राहिले झाडाच्या बाहेर!"